सोलापूरच्या साखर पेठेतली माग-शेड : दगडी भिंती आणि काँक्रीटच्या तपासणीच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

जागा पाहून आले. पुढचा अर्धा भाग दोन फुटी काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला, मालकांच्या आजोबांच्या काळातला. त्यावर पूर्वी माळवद होतं. १९९१ साली माळवद उतरवून स्लॅब टाकला आणि मागच्या अंगाला कॉलम-बीमचा आरसीसी भाग जोडला. खाली टॉवेलचे माग, वर घर. आता खाली रेपियर (धोट्याविना चालणारे) माग बसवायचे आणि घर आणखी एक मजला वर न्यायचं, असा बेत आहे.

मालकांनी आधीच एका एजन्सीकडून तपासणी करून घेतलेली होती. तो दोन पानी अहवाल त्यांनी पुढे ठेवला. रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे, सरासरी ४२, शेजारी 'काँक्रीट एम-३५ ते एम-४०' आणि तळाला 'दगडी भिंती अतिउत्तम'. दुसरी एकही चाचणी नाही.

"रिपोर्ट तर चांगलाच हाय की मॅडम. परत कशाला?"

१९९१ मध्ये पेठेतल्या अशा कामाला एक-दोन-चारचा (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) माल असायचा, तोही पाटीने मापलेला. एक-दोन-चार म्हणजे एम-१५, चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन दाब पेलणारं काँक्रीट. तेव्हाच्या आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, आरसीसीला एम-१५ चालत होतं. किमान एम-२० ही अट २००० सालच्या आवृत्तीत आली. त्यात आपल्याकडे नळाला पाणी येणार दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा, म्हणजे क्युरिंग किती झालं असेल याचा अंदाज बांधता येतो. अशा मालातून एम-४० निघणार नाही. हॅमरचे आकडे बरोबर घेतलेले असतील, पण त्यावरून काढलेला अर्थ मला पटत नाही. एक कुटुंब आणि खाली काम करणारी माणसं त्या अर्थाच्या भरवशावर राहणार आहेत, म्हणून मालकांना सांगितलं की सगळं पहिल्यापासून तपासायचं. ते तयार झाले.

८ जानेवारी

हॅमर आधी ऐरणीवर मारून पाहिला. ८० च्या दोन अलीकडे-पलीकडे आकडा आला पाहिजे, तसा आला. कॉलमवरचा गिलावा टाचून काढला, पृष्ठभाग कार्बोरंडमच्या दगडाने घासला, मग चौकोन आखले. कोपऱ्यापासून किमान २० मिमी आत, प्रत्येक ठिकाणी सहा ठोके, विचित्र आकडा असेल तर तो टाकून सरासरी.

हे यंत्र अर्न्स्ट श्मिट या स्विस अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस केलं. आत स्प्रिंगने सुटणारं वजन आहे. ते दांड्यावर आपटतं आणि जितकं मागे उसळतं तितका आकडा. म्हणजे मोजला जातो तो वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थराचा कडकपणा. ताकद ही त्याच्यावरून लावलेली अटकळ, आणि आपलं मानक स्वतःच सांगतं की ती २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकते.

आमचे आकडेही ४० ते ४४ आले. फक्त क-२ ला ३१. त्याच्या बुडाशी पाण्याची टाकी आहे, काल पाणी आलं होतं आणि टाकी ओसंडून कॉलम भिजलेला. ओल्या पृष्ठभागावर उसळी कमी मिळते. तो कॉलम कोरडा झाल्यावर परत घ्यायचा.

९ जानेवारी

कव्हर मीटर फिरवला. सळईवर काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, किती आहे ते तो दाखवतो. सळयांवर कव्हर २२ ते २८ मिमी, रिंगा बऱ्याच लांब लांब. सळयांच्या रेषा खडूने आखून ठेवल्या. पुढे ध्वनीची चाचणी आणि कोअर (काँक्रीटमधून कापून काढायचा गोल नमुना), दोन्ही वेळी सळई चुकवायची आहे.

११ जानेवारी

आज काँक्रीटचा रंग पाहिला. कॉलमचा कोपरा छिन्नीने ताजा फोडायचा, भुगा फुंकून काढायचा आणि लगेच अल्कोहोलमधलं एक टक्का फिनॉल्फथॅलिन फवारायचं. काँक्रीट अजून अल्कधर्मी असेल तिथे गडद गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून चुन्याचा कार्बोनेट झाला असेल तिथे रंग येत नाही.

क-१ ला बाहेरून ३८ मिमी रंगच नाही. राखाडी कड, मग एकदम गुलाबी रेघ, इतकी स्पष्ट की पट्टी लावून मोजता आली. क-५ ला ४१, क-३ ला ३५. सळई २५ मिमीवर आहे, म्हणजे ती रेघ सळईच्या मागे जाऊन पोचली. सळईला गंजापासून वाचवणारं अल्कधर्मी आवरण तिथे उरलेलं नाही. ही खोली काळाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढते, सुरुवातीला झपाट्याने आणि मग सावकाश. ३४ वर्षांत चांगल्या काँक्रीटमध्ये ती इतकी आत जात नाही. माल सच्छिद्र आहे.

आणि ४२ कुठून आला तेही इथेच कळलं. कार्बोनेट झालेला थर काँक्रीटला वरून कडक करतो. जुन्या काँक्रीटवर हॅमरने काढलेली ताकद त्यामुळे खऱ्यापेक्षा दीडपटही दिसू शकते, कधी त्याहून जास्त. वीस-पंचवीस वर्षांपुढच्या इमारतीचा हॅमर अहवाल कार्बोनेशनच्या खोलीशिवाय आला, तर तो परत पाठवावा असं माझं ठाम मत आहे. लागते काय? एक छिन्नी आणि औषधाची बाटली.

१४ जानेवारी

संक्रांत. सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे सगळे माग बंद, कामगार काठ्यांच्या मिरवणुकीला गेलेले. मला हाच दिवस हवा होता. माग चालू असताना भिंत सतत थरथरते आणि दगडी भिंतीतून ध्वनीलहर मोजणं अवघड जातं.

दगडी भिंतीवर हॅमर मारला तर ५५ च्या वर आकडे येतात. येणारच, दख्खनचा काळा पाषाण आहे. त्या दगडाची स्वतःची दाबताकद शंभर न्यूटन प्रति चौरस मिमीच्या पुढे सहज असते. पण भिंत दगडाने मोडत नाही. ती मोडते दगडांच्या मधे जे आहे त्याने. आपल्या भागातली दोन फुटी भिंत म्हणजे बाहेरची एक थर-भिंत, आतली एक थर-भिंत आणि मधे कपच्या, चुना, कधी नुसती पांढरी माती. या दोन थरांना एकत्र धरणारा आरपार दगड असेल तर भिंत एक, नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती.

किल्लारीने हे फार मोठी किंमत घेऊन शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणेश विसर्जनाची रात्र नुकती सरलेली. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा, जगाच्या हिशोबाने मध्यम. तरी सुमारे दहा हजार माणसं गेली, कारण मातीत रचलेल्या जाड भिंतींचे दोन थर फाकले आणि वरची मातीची जड माळवदं खाली आली. त्या घरांचा दगडही खणखणीतच होता. सोलापुरात त्या पहाटे जागी झालेली पिढी अजून आहे. मालक त्यांतलेच एक. त्यांना 'आरपार दगड' म्हटल्यावर पुढे काही समजावावं लागलं नाही.

काँक्रीटला लावतो ते ५४ किलोहर्ट्झचं अल्ट्रासॉनिक यंत्र इथे कामाचं नाही. त्या लहरीची लांबी जेमतेम सहा-सात सेंटिमीटर. सांधे आणि पोकळ्यांत ती विरून जाते. म्हणून सेन्सर लावलेला हातोडा वापरला. एका बाजूने ठोकायचं, पलीकडे बरोबर समोर कंप टिपणारा अॅक्सिलरोमीटर, आणि मधल्या वेळावरून वेग. माठ घेताना टिचकी मारून पाहतात तेच, फक्त कानाऐवजी घड्याळ.

पुढच्या भिंतीच्या मधल्या भागात ६०० मिमी पार करायला ३३० मायक्रोसेकंद, म्हणजे १.८ किमी प्रति सेकंद. जुन्या चुन्यातल्या भिंतीला हे चांगलं. पण दाराच्या दोन्ही अंगांना आणि कोनाड्याखाली ७०० ते ७५०, वेग ०.८ ते ०.८५. लहर सरळ जात नाही, पोकळी चुकवून वळसा घालते. भिंतीवर मीटर-मीटरचे चौकोन आखून अ-१ पासून ड-६ पर्यंत नकाशा केला. कमी वेगाचे चौकोन एकत्र लागून आहेत, विखुरलेले नाहीत. तिथे भिंत फाकली असावी.

१७ जानेवारी

कॉलमची यूपीव्ही, म्हणजे अल्ट्रासॉनिक लहरीच्या वेगाची चाचणी. दोन्ही बाजूंना ग्रीस लावून समोरासमोर ट्रान्सड्यूसर. २३० मिमीला ६८ ते ७२ मायक्रोसेकंद, वेग ३.२ ते ३.४. आयएस १३३११ च्या १९९२ च्या तक्त्यात ४.५ च्या वर उत्कृष्ट, ३.५ ते ४.५ चांगलं, ३ ते ३.५ मध्यम, ३ च्या खाली शंकास्पद. (आता ते मानक आयएस ५१६ च्या पाचव्या भागात गेलं आहे, पण साइटवर सगळे अजून हाच तक्ता बोलतात.) आमचं काँक्रीट मध्यम. हॅमरच्या एम-४० शी हे जुळत नाही.

कोरडा झालेला क-२ परत घेतला. हॅमर ३१ चा ३९ झाला. ओला असतानाही त्याचा वेग घेऊन ठेवला होता, तो ३.६ होता, आज ३.३. पाण्याने हॅमर खाली जातो आणि ध्वनीचा वेग वर. दोन्ही चाचण्या एकत्र वाचण्याचा फायदा हाच, एकीला जे फसवतं ते दुसरीला उलट दिशेने फसवतं आणि तफावत डोळ्यांत भरते.

क-४ च्या बुडाशी, फूटभर उंचीत, ८४ मायक्रोसेकंद. वेग २.७. त्याच जागी हॅमर ४१! मिस्त्रींना तिथे टाचायला लावलं. पाऊण इंच सिमेंटचा गुळगुळीत थर निघाला आणि त्यामागे नुसती खडी, मधे माल नाही, बोट आत जाईल अशी भोकं. १९९१ मध्ये शटरिंग काढल्यावर पोळं दिसलं असेल आणि वरून घोटून बंद केलं असेल. हॅमरने त्या घोटलेल्या थराचा कडकपणा इमानदारीने सांगितला. लगेच दोन्ही बाजूंना जॅक-प्रॉप लावून घेतले. त्या बीमखालचे माग आजपासून बंद. मालकांनी कुरकुर केली नाही.

१८ जानेवारी

हाफ-सेल, म्हणजे सळईचा गंज विजेच्या दाबावरून ओळखणारी चाचणी. मोरीजवळच्या दोन कॉलमना उणे ३८० आणि उणे ३९५ मिलिव्होल्ट. कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० च्या पलीकडे गेलं की गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त धरतात. बाकीचे उणे २०० ते ३०० मध्ये, म्हणजे सांगता येत नाही असे.

मागच्या विटांच्या पडद्या भार घेत नाहीत, त्यांचे आकडे इथे देत नाही.

२० जानेवारी

ब-३ चौकोनात, दाराच्या डाव्या अंगाला, दर्जेतून (दोन दगडांमधल्या सांध्यातून) १६ मिमीचं भोक पाडून बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीची दुर्बीण, घातला. पहिले २०० मिमी दगड आणि चुना, घट्ट. मग मोकळी जागा. दुर्बिणीच्या उजेडात कपच्या नुसत्या एकमेकींवर टेकलेल्या, मधे धूळ, एका कपचीला मुंग्यांची वाट. पुढे पलीकडच्या थराची आतली बाजू. दोन थरांच्या मधे हाताच्या पंजाएवढी फट. अ-२ मध्ये, जिथे वेग १.८ होता, तिथे मात्र चुना भरगच्च आणि एक आरपार दगडही लागला. ध्वनीचा नकाशा खरा निघाला.

चुन्याचा नमुना काढून त्यावरही फिनॉल्फथॅलिन टाकलं. इथे रंगाचा अर्थ उलटा वाचायचा. काँक्रीटमध्ये रंग न येणं ही वाईट बातमी, कारण सळई उघडी पडते. चुन्यात रंग न येणं ही चांगली बातमी, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊनच चुना दगड होतो. दर्जेतला चुना पूर्ण रंगहीन, खिळ्याने ओरखडा निघेना. आतल्या, २५० मिमी खोलवरच्या गोळ्याला फिकट गुलाबी छटा आली. इतक्या वर्षांनंतरही तिथे हवा पुरेशी पोचलेली नाही. तरी तो गोळा बोटाने चुरडत नाही. आपल्याकडचा जुना चुना बहुधा कंकर भाजून केलेला, त्यात मातीचा अंश असल्यामुळे पाण्यातही थोडा सेट होतो. या भिंतीचा चुना उत्तम आहे, जिथे आहे तिथे. घाणीवर मळणाऱ्याने काम चोख केलं होतं. मधला भराव करणाऱ्याने काही ठिकाणी हात आखडला.

२७ जानेवारी

फ्लॅट-जॅक पुण्याहून आला. दगडी बांधकामात याहून समाधान देणारी चाचणी मला माहीत नाही. मूळ रीत खडकातली, बोगद्यांसाठीची. इटलीत पी. पी. रॉसी यांनी १९८० च्या सुमारास ती जुन्या भिंतींवर आणली. भिंतीच्या दर्शनी थरावर वर-खाली पितळी खुणा चिकटवायच्या, अंतर मोजायचं. मधली आडवी दर्ज कापायची. कापल्याबरोबर वरचा भार त्या खाचेवर बसतो आणि खुणा किंचित जवळ येतात, मिलिमीटरच्या शतांशात. मग खाचेत स्टीलचा चपटा जॅक सरकवून तेलाचा दाब वाढवायचा, खुणा पूर्वीच्या अंतरावर येईपर्यंत. जॅकचा गुणांक आणि खाचेचं क्षेत्रफळ धरून तो दाब म्हणजेच भिंतीतला खरा ताण. दर्जेत पुन्हा चुना भरला की भिंत पूर्ववत.

हिशोबाने या भिंतीवर सरासरी ०.२५ न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपास यायला हवं. आतल्या थरावर आलं ०.४१. बाहेरच्या थरावर ०.१२.

दोन्ही आकडे दोनदा पाहिले, तसेच. १९९१ मध्ये स्लॅब भिंतीच्या आतल्या नऊ इंचांवरच टेकवलाय, आणि दोन थर जोडलेले नसल्यामुळे सगळा भार आतल्या थराने उचललाय. बाहेरचा थर जवळजवळ स्वतःचंच वजन सांभाळतोय. ०.४१ हा ताण चुन्यातल्या घडीव दगडाला जड नाही. भीती वेगळी आहे : धक्का बसला की बाहेरचा हलका थर सुटून रस्त्यावर येईल आणि आतला एकटा थर त्या उंचीला फारच सडपातळ. वर आणखी मजला चढवला तर तो भारही त्याच आतल्या थरावर जाईल.

१ फेब्रुवारी

कोअरचे निकाल. ७५ मिमी व्यासाचे, खडी २० मिमीची असल्याने व्यास तिपटीच्या वर आहे. कॉलमला प्रॉप देऊन, सळया चुकवून काढले होते. सगळ्या दुरुस्त्या धरून क्यूबच्या मापात १५.८, १७.१ आणि १४.६. सरासरी १५.८.

आयएस ४५६ प्रमाणे सरासरी अपेक्षित ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. एम-१५ धरलं तर पास. एम-२० धरलं तर सरासरी १७ हवी आणि कुठलाही कोअर १५ च्या खाली नको. दोन्ही ठिकाणी नापास. हॅमरच्या वक्राने याच कॉलमना ४० च्या आसपास दाखवलं होतं.

आता या कोअरवर हॅमर आणि यूपीव्हीचे आकडे बसवून या इमारतीपुरता वक्र केला आणि उरलेल्या कॉलमची ताकद त्यावरून काढली : १३ ते १८. क-४ चा बुडखा सोडून, त्याला आकडा देण्यात अर्थ नाही. हॅमर टाकाऊ आहे असं कुणी समजू नये. प्रत्येक कॉलमला कोअर काढता येत नाही. कोअरने कान धरून लावलेला हॅमर उरलेली सगळी इमारत दिवसभरात दाखवतो.

५ फेब्रुवारी

मालक आणि त्यांचा मुलगा, दोघांसमोर सगळे नकाशे ठेवले. नवा मजला नाही, हे आधी सांगितलं. मुलगा आधीचा अहवाल दाखवत म्हणाला, यांनी तर चालतं म्हटलंय. त्याला क-४ पाशी नेलं, टाचलेला बुडखा दाखवला आणि शेजारी त्या अहवालातली याच कॉलमची ओळ : ४१, उत्तम. त्याने भोकात बोट घालून पाहिलं. मालक म्हणाले, "आमच्या आजोबानं भिंत चांगली बांधली म्हणत होतो की आम्ही." मी सांगितलं की अण्णा, अर्ध्याहून अधिक भिंत अजूनही या पेठेतल्या कुठल्याही नव्या भिंतीपेक्षा चांगली आहे, उरलेली आपण करून घेऊ.

ठरलं ते असं. सगळ्या कॉलमना जॅकेटिंग (भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण), क-४ आधी. मोरीजवळचे सडके भाग सळईपर्यंत मोकळे करून दुरुस्ती. कमी वेगाच्या चौकोनांत आधी चुन्याचं ग्राउट (भोकातून आत सोडायचं पातळ मिश्रण), अगदी कमी दाबाने, नाहीतर थर आणखी फाकतील. सिमेंटचं ग्राउट नको. ते चुन्यापेक्षा फार ताठ आणि त्यातले क्षार दगडावर फुटतात. मग मीटर-मीटर अंतरावर आरपार बांध : ७५ मिमीचं भोक, दोन्ही तोंडांना रुंद, आत टोकं हुकासारखी वळवलेली ८ मिमी सळई आणि काँक्रीट. किल्लारीनंतर लातूर-उस्मानाबादच्या उभ्या राहिलेल्या घरांना हाच उपाय केला होता. रेपियर माग मागच्या भागात, जमिनीवर, भिंतीपासून सुट्या पायावर.

२४ मार्च

ग्राउट होऊन महिना उलटला. दुपारी पत्रा हात लावू देत नाही, म्हणून सकाळी सातला हातोडा-सेन्सर घेऊन भिंतीवर. त्याच चौकोनांत, त्याच खुणांवर.

कोनाड्याखाली ०.८५ चा १.५ झाला. दाराच्या उजव्या अंगाला १.६. चुना अजून कोवळा आहे, वेग पुढे आणखी वाढायला हवा. ब-३ मात्र ०.८ वरून ०.९५ पर्यंतच आला. मिस्त्रींच्या वहीत त्या चौकोनाला ग्राउट बाकीच्यांपेक्षा कमी गेल्याची नोंद आहे. वरच्या भोकातून बोअरस्कोप घातला, तर मधे एक मोठी कपची आडवी बसून तिच्यामागे फट कोरडीच राहिलेली. उद्या तिथे वीतभर खाली दोन नवी भोकं पाडून, आधी पाणी सोडून फट भिजवायची आणि ग्राउट खालून वर चढवायचं. तोवर ब-३ चे आरपार बांध भरायचे नाहीत, असं वहीत लाल पेनने लिहून मिस्त्रींची सही घेतली.